डबल सायलेन्सर लावल्यावर गाडीचा पिकअप गेला? कुठे अडलंय ते असं शोधा

मे महिन्यात भाचा त्याची स्विफ्ट घेऊन दारात आला. मागे दोन्ही बाजूंना सायलेन्सरच्या चकचकीत टिपा (पाइपची टोकं), आवाज एकदम भरदार, आणि तोंड मात्र उतरलेलं. "मामा, यवतेश्वरच्या चढाला गाडी दमतीय. आधी तिसऱ्यावर जायची, आता दुसरा टाकावा लागतोय." महिनाभर पैसे साठवून त्याने हेडर (इंजिनातून जळका वायू बाहेर आणणारा पाइपांचा जोड), मधला पाइप आणि मागे दोन सायलेन्सर असं सगळं एका ठिकाणी बनवून घेतलं होतं. जिथे काम केलं तिथे त्याला सांगितलं, "ईसीयू रिमॅप करा, मग बघा." ईसीयू म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा गाडीतला संगणक, आणि रिमॅप म्हणजे त्याची आकडेमोड बदलणं. रिमॅपसाठी आणखी पैसे मागितले होते.

रिमॅपची गरज नव्हती. दोन शनिवार घालवल्यावर दोष सापडले. एक फ्लेंजच्या (दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकतीच्या) पॅकिंगमध्ये होता, दुसरा पाइपच्या मापात. आपल्याकडे नव्याने गाडीत बदल करणाऱ्या मुलांची नेमकी हीच फसगत होते, म्हणून आम्ही ज्या क्रमाने तपासत गेलो तो क्रम सविस्तर लिहितो. साबणाचं पाणी, एक स्कॅनर आणि थोडा धीर एवढ्यावर बहुतेक तपासणी घरी होते. तोवर नवीन काहीही विकत घेऊ नका.

आधी खरंच पिकअप गेलाय का ते मोजा

कान फार फसवतात. आवाज जड झाला की गाडी हळू चालल्यासारखी वाटते, आणि कर्कश झाला की पळतेय असं वाटतं. म्हणून मोकळा, सपाट, वाहतूक नसलेला रस्ता गाठा आणि शेजारी कुणाला तरी मोबाइलवर वेळ घ्यायला बसवा. तिसऱ्या गिअरमध्ये स्थिर ४० वर गाडी ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, ८० ला किती सेकंद लागले ते लिहून घ्या. जाताना तीनदा, येताना तीनदा, आणि सरासरी काढा. एसी बंद, माणसं तेवढीच, टाकीतलं पेट्रोल साधारण तेवढंच. चालवणाऱ्याने घड्याळाकडे बघायचं नाही.

भाच्याने काम करून घेण्याआधी मोजलं नव्हतं. मग त्याच्याच मित्राची त्याच मॉडेलची, काहीही न बदललेली गाडी त्याच रस्त्यावर आणली. तिला ९ सेकंद लागले, भाच्याच्या गाडीला साडेअकरा. म्हणजे शंका खरी होती. तुमचं काम अजून व्हायचं असेल तर आजच हा आकडा काढून ठेवा, पुढे त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

उंचीचाही हिशोब ठेवा. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटर चढाईला साधारण एक टक्क्याने कमी होते. मुंबईत मोजलेला आकडा महाबळेश्वरच्या आकड्याशी जुळवायला गेलात तर नसलेला दोष दिसेल.

कुठल्या आरपीएमला गाडी कमी पडते?

निम्मं निदान या एका प्रश्नात आहे. घाईघाईने गाडीखाली शिरण्याआधी पंधरा मिनिटं चालवून बघा आणि टॅकोमीटरवर लक्ष ठेवा.

खाली, म्हणजे १,५०० ते २,५०० आरपीएमला गाडी मेल्यासारखी आणि वर गेल्यावर बरी, चेक लाइट नाही, पेट्रोलचा वास नाही, तर संशय पाइपच्या मापावर. खाली ठीक, पण ३,५०० च्या पुढे कोंडल्यासारखी होते, ॲक्सिलरेटर दाबूनही आरपीएम वर सरकत नाही, तर कुठेतरी वाट अडली आहे. सगळ्याच आरपीएमला आळशी, आयडलिंगला हुंदके, टेलपाइपला काळी काजळी आणि ॲव्हरेज पडलेलं, तर लीकेज किंवा ऑक्सिजन सेन्सर (जळक्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते ईसीयूला सांगणारा). आणि गाडी एका ठरावीक आरपीएमच्या वर जायलाच तयार नसेल, चेक लाइटही जळत असेल, तर ईसीयूने स्वतःहून लगाम लावलाय. त्याला लिम्प मोड म्हणतात.

भाच्याच्या गाडीत पहिलं आणि तिसरं, दोन्ही होतं. असं एकत्र आलं की माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाला रिमॅप विकणं सोपं जातं.

गाडीखाली जाण्याआधी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेडर आणि कॅट-कॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) तासभरानेही चटका देतात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही खाली शिरू नका. रॅम्प वापरा, नाहीतर दोन मजबूत स्टँड लावा, चाकांना लाकडी ठोकळे द्या. लीकेजचा संशय असताना बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी डोकं दुखतं आणि मग उमजेनासं होतं. चालवतानाच डोकं जड होत असेल तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, आणि दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. दोन टिपा बंपरच्या आतच संपत असतील तर मागच्या दारातून धूर आत ओढला जातो. हॅचबॅकमध्ये हे हमखास घडतं, म्हणून टिपा बंपरच्या कडेबाहेर थोड्या काढूनच घ्या.

पायरी पहिली: मिस्त्रीच्या हातून काय सुटलं

पिकअप जाण्याचं कारण कधीकधी एक्झॉस्टमध्ये नसतंच. काम करताना बाजूला केलेल्या गोष्टी परत जागेवर बसलेल्या नसतात. बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्याचे क्लिप बसलेत का? इनटेकवरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेवरचा) बारीक व्हॅक्यूम पाइप निघालाय का? मॅप (इनटेकचा दाब मोजणाऱ्या) किंवा एअर-फ्लो सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) 'टक्' आवाज करून पूर्ण बसलाय का? इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी घट्ट आहे का?

मग मागची चाकं उचलून हाताने फिरवा. हँडब्रेकची केबल पोटाखालून जाते, आणि नवीन पाइपला वाट करून देताना ती ओढली गेली तर ब्रेक किंचित लागलेला राहतो. मग गाडी दबते आणि दोष सायलेन्सरवर जातो. चाक अडत असेल किंवा पाच किलोमीटर चालवल्यावर एका बाजूचा ड्रम जास्त गरम लागत असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. याच वेळी पाइप ब्रेकलाइन, पेट्रोलची नळी आणि टाकी यांपासून किती लांब आहे ते बघा. डाव्या बाजूला नवी वाट काढताना मूळची पत्र्याची उष्णतारोधक ढाल कापलेली असते, हे मी दोन गाड्यांत पाहिलंय. ती परत बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

पायरी दुसरी: स्कॅनर

स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढं पुरतं. आधी कोड वाचा आणि वहीत लिहा. लगेच पुसू नका, पुरावाच जाईल.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असं ईसीयूला वाटतंय. पी०४२० म्हणजे कॅट-कॉनचं काम अपुरं. पी०१३५ आणि पी०१४१ हे पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे, म्हणजे बहुतेक वेळा वायर तुटलेली, वितळलेली किंवा कपलर सुटलेला. पी०३०० म्हणजे मिसिंग, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही.

कोड नसला तरी खरी गंमत पुढच्या आकड्यात आहे: फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयू ठरलेल्या पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ किंवा घट करतोय ते हा आकडा सांगतो. तातडीचा ट्रिम सतत हलतो, दीर्घकालीन ट्रिम म्हणजे ईसीयूने मनाशी पक्की केलेली सवय. दोन्ही मिळून अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असतील तर काळजी नाही. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला बघा, मग ॲक्सिलरेटर स्थिर धरून २,५०० ला बघा.

भाच्याच्या गाडीत आयडलिंगला दीर्घकालीन ट्रिम अधिक १९ होता, २,५०० ला अधिक ८. हे वाचायला शिका. आयडलिंगला मोठा आणि रेस वाढवल्यावर उतरणारा अधिक ट्रिम म्हणजे कुठूनतरी बाहेरची हवा आत येतेय. आयडलिंगला वायू कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच भोकातून शिरलेल्या हवेचं प्रमाण मोठं दिसतं. ही हवा इनटेकच्या बाजूने येऊ शकते किंवा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या एक्झॉस्टच्या जोडातून.

"एक्झॉस्टमधून तर धूर बाहेर पडतो, हवा आत कशी येईल?" भाच्यानेही हेच विचारलं. सिलिंडरमधून वायू सलग धारेने निघत नाही, एकेक ठोका येतो. ठोका पुढे निघून गेला की त्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो ईसीयूला सांगतो की पेट्रोल कमी पडलं, आणि ईसीयू बिचारा भरभरून पेट्रोल टाकत सुटतो. वर ही सवय अनेक गाड्यांत फुल थ्रॉटललाही, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरही, लागू होते. तिथे मिश्रण मुळातच श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचं, ठेवलेलं असतं, त्यात आणखी भर पडली की इंजिन जड होतं. ताकद गेली, ॲव्हरेज गेलं, प्लग काळे झाले, आणि मुळाशी फक्त एक फट.

जुनी पीयूसीची पावती असेल तर नवीन काढून दोन्ही शेजारी ठेवा. सीओचा आकडा वाढलेला दिसला तर हाच धागा आहे.

पायरी तिसरी: साबणाचं पाणी

हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण इथे दोष डोळ्यांना दिसतो.

इंजिन थंड असताना पहिल्यांदा चालू करा आणि एक्झॉस्टजवळ कान द्या. बारीक 'टिक-टिक' ऐकू येत असेल आणि इंजिन गरम झाल्यावर ती कमी होत असेल, तर जोड गळतोय. गरम झाल्यावर धातू फुगतो, फट थोडी बुजते, आवाज मंदावतो आणि मिस्त्री म्हणतो, "काही नाही, ठीक आहे." म्हणून ही तपासणी सकाळची पहिली. टॉर्च घेऊन प्रत्येक फ्लेंज आणि वेल्डिंग बघा. जिथून वायू निसटतो तिथे काळ्या काजळीची शेपटी उमटलेली असते.

आता इंजिन बंद. एका टेलपाइपमध्ये ओला फडका घट्ट कोंबा. दुसऱ्यात उलटी हवा फेकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप धरा आणि भोवतीची जागा फडक्याने बंद करा. गॅरेजचा कॉम्प्रेसर असेल तर दाब अगदी कमी, ५ पीएसआयच्या आतच. भांडी घासायचा लिक्विड सोप पाण्यात कालवून स्प्रेच्या बाटलीत भरा आणि इंजिनापासून मागे येत एकेक जोड भिजवत जा. सिलिंडरच्या उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा जाईल, त्याकडे लक्ष देऊ नका. काम झाल्यावर कोंबलेला फडका आठवणीने काढा.

आम्ही हेडर आणि कॅट-कॉन यांच्यामधल्या फ्लेंजवर फवारा मारला. आधी काहीच नाही. मग वरच्या बोल्टच्या मागे, जिथे हात जेमतेम जातो तिथे, मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले, आणि बघता बघता सगळ्या कडेने पांढरा फेस वर चढला. भाचा उताणा पडूनच ओरडला. फ्लेंज उघडली तर पॅकिंगचं भोक पाइपच्या भोकापेक्षा लहान होतं. ते एका बाजूला सरकून बसलं होतं, आणि त्याच्यावर काळा सिलिकॉन थापला होता. म्हणजे एकाच जागी गळतीही आणि अडथळाही.

त्या सिलिकॉनबद्दल जरा कळकळीने सांगतो. साधा सिलिकॉन सीलंट गरम झाला की त्याची वाफ पुढे जाते आणि ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते. त्याने सेन्सर कायमचा मंदावतो. पुढच्या सेन्सरच्या आधी सीलंट लावू नये, पॅकिंग योग्य मापाचं असलं की लागतही नाही. फ्लेंज सपाट आहे का ते स्टीलची पट्टी उभी धरून बघा. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ फ्लेंज वाकते, आणि मग कितीही आवळा, ती गळणारच. वाकलेली असेल तर घासून सपाट करून घ्या. बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने, थोडे थोडे आवळत जा.

नवीन पॅकिंग घातलं, स्कॅनरने जुना ट्रिम पुसला, दोन दिवस साधी गाडी चालवली. ट्रिम अधिक ३ वर आला. वेळ साडेअकरावरून १० सेकंदांवर.

पायरी चौथी: सेन्सर आणि त्याची वायर

लीकेज नसेल तर सेन्सरकडे वळा. हेडर बदलल्यावर सेन्सरची जागा काही इंच पुढे-मागे होते आणि मूळची वायर ताणून बसवली जाते. ती कुठे हेडरला टेकतेय का, इन्सुलेशन वितळलंय का ते बघा. सेन्सर काढताना-घालताना आधी कपलर सोडा, नाहीतर वायर सेन्सरबरोबर पिळली जाऊन आतल्या आत तुटते, बाहेरून काहीच दिसत नाही. सेन्सरचं टोक पाइपच्या मधल्या प्रवाहात यायला हवं आणि तोंड किंचित खाली झुकलेलं असावं, म्हणजे पाणी साचत नाही. फार मागे नेलेला सेन्सर उशिरा गरम होतो आणि उशिराच बोलतो.

तुमच्याकडे व्ही-६ किंवा व्ही-८ इंजिन असेल, तर दोन्ही बाजूंच्या पुढच्या सेन्सरचे कपलर एकमेकांत अदलाबदल झालेत का तेही तपासा. तसं झालं की एका बाजूचा ट्रिम वर टोकाला जातो, दुसऱ्याचा खाली टोकाला. अशा इंजिनांना दोन पूर्ण स्वतंत्र पाइप लावले असतील तर दोघांना जोडणारा एच किंवा एक्सच्या आकाराचा तुकडा असावा. तो नसेल तर खालच्या आरपीएमची ओढ कमी होते.

पायरी पाचवी: वाट अडलीय का

गाडी चालू करा, दोन्ही टेलपाइपांसमोर वहीचा एकेक कागद धरा. दोन्ही सारखेच फडफडायला हवेत. एका ओळखीच्या सेडानमध्ये उजवा कागद हातातून उडत होता आणि डावा नुसता थरथरत होता. दहा मिनिटं चालवून आल्यावर डावा सायलेन्सर कोमट होता, उजव्याला हात लावता येत नव्हता. डावा कापल्यावर दिसलं की आत जाणारा पाइप इतका खोल सरकवून वेल्ड केला होता की त्याचं तोंड आतल्या पडद्याला जवळजवळ टेकलं होतं. डबल सायलेन्सर असून गाडी एकाच नाकपुडीने श्वास घेत होती.

अडण्याच्या जागा साधारण ठरलेल्या आहेत. साध्या मशीनवर दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो. बाहेरून दोन इंची दिसतो, आत तेवढी जागा नसते. मॅन्ड्रेलवर (पाइपला आतून आधार देणाऱ्या दांड्यावर) वाकवलेला पाइप गोल राहतो, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. वेल्डिंगचा रस आत ओघळून गोळा होतो. फ्लेक्झिबल पाइपची आतली जाळी सुटून गोळा होते. आणि कॅट-कॉन! आतमध्ये मधाच्या पोळ्यासारखं, बहुतेक वेळा चिनीमातीसारख्या सिरॅमिकचं जाळं असतं. जाम झालेला बोल्ट सोडवताना कुणी त्यावर हातोडा घातला की ते तडकतं आणि तुकडा आडवा फिरून वाट बंद करतो. थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोकून बघा, आत खुळखुळलं तर तो फुटलाय.

खात्री करायची असेल तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावतात. आयडलिंगला साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत दाब असावा. गेज नसेल तर स्कॅनरवर इनटेक मॅनिफोल्डचा दाब बघा. २,५०० वर मिनिटभर स्थिर धरा. वाट मोकळी असेल तर आकडा जागेवर राहतो, अडलेली असेल तर हळूहळू वर सरकत जातो.

कॅट-कॉन फुटला असेल तर त्याजागी नुसता पाइप लावून द्यायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. पी०४२० पाठ सोडणार नाही, पीयूसीत अडकाल, आणि तो विषारी वायू आपल्याच गल्लीत पसरेल.

पायरी सहावी: पाइपचं माप

लीकेज गेलं, सेन्सर ठीक, वाट मोकळी, तरी भाच्याची गाडी २,५०० च्या खाली मऊच होती. मग पाइप मोजला.

"इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच" असं सगळे सांगतात. ते अर्धवट खरं आहे. इंजिनाला अडथळा नको असतो, वायूचा वेग हवा असतो. शेतातला पाट आठवा. अरुंद पाटात पाणी पळतं, तेच पाणी रुंद पाटात सोडलं की पसरतं, मंदावतं आणि गाळ बसतो. एक्झॉस्टमध्ये वेगाने गेलेला ठोका मागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू ओढून नेतो. पाइप फार मोठा झाला की वायू मंदावतो, वाटेत थंड होतो, जड होतो, आणि ही ओढ संपते. वरच्या आरपीएमला वायू भरपूर असतो म्हणून तिथे जाणवत नाही, खाली लगेच जाणवतं.

हिशोब सोपा आहे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर वाढतं. समजा मूळ पाइप आतून ४१ मिलिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे १,३२० चौरस मिलिमीटर. त्याजागी आतून ४८ मिलिमीटरचे दोन पाइप लावले तर एकूण सुमारे ३,६२०. जवळजवळ पावणेतीनपट! १,१९७ सीसीच्या, ८३ पीएसच्या इंजिनाला एवढं दार कशाला? ४१ च्या एका पाइपाएवढंच क्षेत्रफळ दोन पाइपांत हवं तर प्रत्येकी २९ मिलिमीटर पुरतो. मात्र दोन बारीक पाइपांत घर्षण जास्त, म्हणून प्रत्यक्षात ३२ ते ३५ घ्यावा.

सगळं परत बनवायची गरज मात्र नसते. इंजिनाजवळचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, मागे जाता जाता ठोके विरत जातात. म्हणून आम्ही फक्त कॅट-कॉनपासून मागच्या वाय-जोडापर्यंतचा (एका पाइपाचे दोन होतात तिथपर्यंतचा) पाइप मूळ मापाचा करून घेतला आणि वाय-जोडानंतरच्या दोन फांद्या ३५ च्या. सायलेन्सर आणि टिपा त्याच ठेवल्या. वाय-जोडाचा कोन अरुंद ठेवायला सांगा, टीसारखा काटकोनात फुटलेला जोड नको. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर सोडायला लावा आणि स्वतः समोर उभे राहा.

टर्बो गाडीचं गणित वेगळं आहे. टर्बोनंतरचा, मागे जाणारा पाइप मोठा असला तर सहसा बिघडत नाही, पण इंजिन आणि टर्बो यांच्यामधलं बारीकसं लीकेजही बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जोर) खाऊन टाकतं. बीएस-६ डिझेलमध्ये तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि त्याच्या प्रेशर सेन्सरच्या दोन नळ्यांना हातच लावू नका. एक नळी निसटली तरी गाडी लिम्प मोडमध्ये जाते.

कायद्याचं

हे आधी कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ (४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर कलम १९० (२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवर टाच. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. मूळचा सायलेन्सर म्हणूनच भंगारात देऊ नका. निदानासाठीही तो अमूल्य आहे: काहीच सापडलं नाही तर तो परत चढवा आणि वेळ मोजा. आकडा सुधारला तर दोष नव्या कामात, नाही सुधारला तर क्लच, फ्युएल पंप, प्लग यांच्याकडे बघा.

झाल्यावर

जुने कोड पुसा, ट्रिम शून्यावर आणा आणि दीडशे-दोनशे किलोमीटर शहर, हमरस्ता, चढ असं मिसळून चालवा. ईसीयूला नवीन सवय लागायला वेळ द्या, पहिल्या फेरीत निकाल लावू नका. मग पुन्हा तोच रस्ता, तोच गिअर, तीच माणसं. ५०० किलोमीटरनंतर सगळे फ्लेंज बोल्ट एकदा आवळा, कारण नवीन पॅकिंग दबून बसतं आणि बोल्ट ढिले होतात.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी मोजलं तेव्हा भाच्याच्या गाडीला ९ सेकंद लागले, म्हणजे मित्राच्या न बदललेल्या गाडीएवढे. त्याला वाटलं होतं, गाडी मित्राच्या गाडीपेक्षाही पळेल. मी त्याला सांगितलं की टर्बो नसलेल्या या इंजिनाकडून नुसत्या सायलेन्सरने एवढंच मिळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यवतेश्वर तिसऱ्यावर चढली. वर पोहोचल्यावर त्याने आधी बॉनेट उघडलं, खाली वाकला आणि फ्लेंजजवळ कान नेला.